थकल्या पायांची मोजणी

नाना मुकादमांपुढे ‘आता थोडंच राहिलंय’ हे तीन शब्द उच्चारायची खोपोलीत कुणाची छाती नव्हती. एका लग्नाच्या पंगतीत यजमानाने “घ्या नाना, आता थोडंच राहिलंय,” म्हणून जिलबीचं ताट पुढे केलं, तर हा गृहस्थ हात धुऊन उठला. कीर्तनकार बुवा आख्यान आवरताना तेच बोलले, तेव्हा नाना भर मंडपातून ओरडले, “थोडं म्हंजे किती? आकडा सांगा!” बुवा पुढचा अभंगच विसरले.

नानांनी बोरघाटाच्या रस्त्याच्या दुरुस्तीवर तीस वर्षं मुकादमी केलेली. म्हातारपणी खोपोलीच्याच शिळफाट्याला एकटेच राहत. मी तिथल्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी, त्यामुळे त्यांच्या लहरी माझ्याच वाट्याला येत. कुठलाही चढ लागला की थांबून विचारायचे, “ह्यो चढ कितव्या दिसाचा?” शाळेच्या पायऱ्यांनाही त्यांनी हे विचारलं होतं. म्हातारा चळला, असं माझं मत होतं.

मग पुण्याच्या एका क्लबाने सोळा दिवसांची सायकल शर्यत काढली. पुण्याहून कोल्हापूर, तिथून आंबा घाटाने कोकणात उतरायचं, पेणवरून खोपोली गाठायची आणि पंधराव्या दिवशी बोरघाट चढून परत पुण्याची वाट धरायची. आखणीसाठी त्यांना घाट माहीत असलेला माणूस हवा होता. मी नानांचं नाव सुचवलं आणि महिनाभर पस्तावलो.

कमिटीची मंडळी सकाळी पोहे हाणून मोटारीने घाट चढून आली आणि ‘सुरेख रस्ता आहे’ म्हणाली. नानांची तऱ्हा निराळी. ते दशमीला पेणला जाऊन राहिले, एकादशीला पहाटे उपाशीपोटी पायी निघाले आणि भर उन्हात घाट चढू लागले. पाय जिथे नाही म्हणाले, तिथल्या दगडाला त्यांनी चुना फासला. अशा तीन एकादश्या केल्या. तिन्ही वेळा चुना एकाच वळणावरच्या दगडाला लागला.

“ताज्या पायानं मोजलेला रस्ता खोटा, मास्तर,” ते म्हणाले. “ह्यो चढ पंधराव्या दिसाचा हाय. पोरं तवर निम्मी झालेली असतील.”

कमिटीच्या सभेत त्यांनी मागणी केली, की त्या वळणावर प्रत्येकाने खाली उतरायचं, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि तेवढा वेळ हिशेबात धरायचा नाही. क्लबाचे चिटणीस हसले. “मुकादम, ही शर्यत आहे, सहल नव्हे.”

“मंग माझं नाव आखणीवरनं खोडा. तितं पोरगं मरंल.”

चिटणिसांनी खरंच नाव खोडलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाईची दौत बघत बसलो. कमिटीने मलाही घेतलं होतं, पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती आणि ती मला सोडायची नव्हती, हे आज कबूल करायला लाज वाटते.

शर्यतीच्या दिवशी फाल्गुनातलं ऊन नुसतं भाजून काढत होतं. खंडाळ्याला घाटमाथ्यावर मी हातात यादी आणि घड्याळ घेऊन उभा होतो. खोपोलीतून चौदा जण वर निघाल्याचा निरोप आला होता. येणारा प्रत्येक जण डोळे तारवटलेला, ओठ फुटलेला असा आला. एकाला दोघांनी उतरवून घ्यावं लागलं. बारा आले, तेरा आले. चौदावा काही येईना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. डॉक्टरांची मोटार पहिल्या नंबरवाल्यांबरोबर कधीच पुढे गेली होती. नानांचं ‘तितं पोरगं मरंल’ माझ्या कानात घुमायला लागलं. मी धोतर खोचलं आणि घाट उतरत पळत सुटलो.

चुन्याच्या दगडाखाली नाना पाय पसरून बसले होते. विशी-बाविशीचा एक स्वार त्यांच्या मांडीवर डोकं टाकून निपचित पडला होता. शेजारी पाण्याचा हंडा आणि मीठ घातलेलं ताक. नाना ओल्या पंचाने त्याचं तोंड पुसत होते. पोराची छाती हलत होती. माझा जीव भांड्यात पडला आणि त्या भरात मी बोलून गेलो, “उठा, उठा राव! आता थोडंच राहिलंय!”

नाना ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत.

“माजी पार्वती ह्याच रस्त्यावर खडीच्या पाट्या वाहायची,” ते पंचा पिळत म्हणाले. “मुकादमाची बायको म्हणून सूट दिली तर मानसं काय बोलतील? म्हणून मी तिला चार पाट्या जास्तीच द्यायचो. ह्या वळणावर मला बोलली, वाईच बसू का? मी वरनं ओरडलो, चल गं, आता थोडंच राहिलंय. माझ्या शब्दावर आली, मास्तर. पाटी उतरवली आन् पडली. परत उठली नाय.”

नानांनी पंचा पुन्हा हंड्यात बुडवला.

“त्या दिशी मी सकाळपास्नं नुसता उभा व्हतो. माजं पाय ताजं व्हतं.”

पोराने डोळे उघडले. ताकाचे दोन घोट कसेबसे घशाखाली गेले. मग त्याने विचारलं, “बाबा, किती राहिलंय?”

“अडीच मैल,” नाना म्हणाले. “त्यातला पैला मैल लई वाईट हाय. तू बस रं अजून. मंग मी येतो संगती.”

मी घड्याळ बंद करून खिशात टाकलं आणि त्या दोघांशेजारी बसलो.