भिंत मैदानात असताना

आमच्या घराची गल्लीकडची भिंत चिंचबन तालमीच्या फुटबॉल संघात बदली खेळाडू आहे. तिचा नंबर सोळा. संघटनेच्या अर्जावर जन्मसाल एकोणीसशे बासष्ट, उंची नऊ फूट आणि खेळण्याची जागा बचावफळी, अशी नोंद आहे.

संघ एका गोलने पुढे असला, की शेवटच्या दहा मिनिटांत आमचे कोच बंडामामा तिला आत घेतात. मैदान दोन गल्ल्या सोडून आहे. मामांचा फोन आला की आई कॅलेंडर आणि आरसा उतरवून घेते आणि भिंत निघते. खिळे राहिलेत का, ते पंच हात फिरवून बघतात. सामना संपला की ती परत येते. तोवर घर उघडं राहतं.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीला, अस्मिताला, बघायला इचलकरंजीचे पाहुणे आले होते. त्याच वेळी सेमीफायनल चालू होती. चहा अर्धा झाला आणि भिंत गेली. गल्ली गोळा झाली. समोरच्या काकी तर स्टूल घेऊन बसल्या. अस्मिताला त्या सगळ्यांसमोर स्वतःचं शिक्षणही सांगता आलं नाही. पाहुणे कप तसेच ठेवून उठले.

यंदा गडहिंग्लजचे कडूकर येणार होते. रविवारी, पाच वाजता. फायनल त्याच दिवशी साडेतीनला होती. आई मला घेऊन तालमीत गेली.

“भावजी, रविवारी भिंत मिळायची नाही.”

“वहिनी, फायनल हाय.”

“पोरीला बघायला येणार हायत.”

“मग सहाला बोलवा की.”

“साडेसहाची त्यांची एसटी हाय. आन् पोरीनं ह्या वेळी स्वतः हो म्हटलंय. गेल्या वेळेसारखं झालं तर ती परत बसायची नाही बघा.”

मामा कठोर माणूस नाहीत. “एक करता येईल,” ते म्हणाले. “दोन गोलनं पुढं असलो, तर भिंत लागत नाही.”

“आन् मागं असला तर?”

“तर बी लागत नाही. पण वहिनी, असलं तालमीत बोलू नये.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी संघाचा फॉरवर्ड आहे. मी मान खाली घालून ‘बघतो’ म्हणालो.

रविवारी पूर्वार्धातच आमचा एक गोल झाला. तो माझा नव्हता. नंतर मी दुसऱ्या गोलसाठी इतका धावलो की आमचाच बॅक ओरडला, “इंद्रा, चेंडू कधी तरी आम्हाला बी दे की लेका!” शेवटी मला गोलकीपर एकटा सापडला. मी मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मी मैदानावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला आले होते. मामांनी फोन कानाला लावला होता.

भिंत आली. तिच्यासाठी मलाच बाहेर काढलं. एक गोल राखायचा असेल तर फॉरवर्ड काढायचा, हे बरोबरच आहे. बाहेर येताना मी तिला हात लावला. मी बाकावर बसणार, तोच चौथ्या पंचांनी अडवलं.

“इथं नाही. फायनलला बाहेर येणाऱ्यानं बदली खेळाडूच्याच जागेवर बसायचं. ही कुठं बसली होती?”

“आमच्या घरी,” मी म्हणालो.

“मग तिकडं.”

मी पळत घरी गेलो. कोपऱ्यावर पाहुणे रिक्षातून उतरत होते आणि काकी स्टूल मांडत होत्या. भिंत बारा फूट लांब आहे. मी पायाच्या दगडांवर उभा राहिलो, हात पसरले आणि जमलं. आईने काही न विचारता माझ्या अंगठ्याला कॅलेंडर आणि कोपराला आरसा अडकवला. पाहुणे बाजूच्या दाराने आत आले.

मुलाच्या काकांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. “रंग जरा भडक दिलाय.”

“तालमीचा हाय,” आई म्हणाली.

त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला. “आन् ओल बी हाय.”

“वाळंल. आत्ताच आलीय.”

अस्मिता पोहे घेऊन आली आणि माझ्यासमोरच्या पाटावर बसली. बाहेर काकी विचारत होत्या, “कुणाला काय दिसतंय का गं?” कुणाला काही दिसत नव्हतं.

“दवाखान्यात रक्त तपासायचं काम करतीस म्हणं,” काका म्हणाले. “लग्नानंतर सोडशील न्हवं?”

अस्मिताची मान मला दिसत होती. ती लाल झाली होती. मग ती हळूच मागे सरकली आणि तिने माझ्या गुडघ्यांना पाठ टेकली.

“नाही सोडणार,” ती म्हणाली.

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने बशी खाली ठेवली. “काका, मी ह्यांना फोनवरच सांगितलंय, सोडू नका म्हणून.” मग तो अस्मिताला म्हणाला, “गडहिंग्लजला दोन लॅब हायत. एक सकाळी सातला उघडती. तेवढं उठणं जमंल का?”

“सहाला उठते मी,” अस्मिता म्हणाली. मग तिनेही त्याला दोन प्रश्न विचारले.

मैदानाकडून शिट्टी आली, मग फटाके. आम्ही जिंकलो होतो. थोड्या वेळाने भिंत गल्लीत आली. तिच्यावर गुलाल होता आणि मधोमध चेंडूचा गोल डाग होता. नियमाने सामना संपल्यावर जागा तिची होती. पण अस्मिताची पाठ अजून टेकलेली होती आणि ती बोलत होती.

मी हललो नाही. भिंत काकींच्या स्टुलासमोर उभी राहिली आणि पाहुणे उठेपर्यंत तिथेच थांबली.