सहाव्या आणि सातव्या मजल्यामधले बारा गुण

माणूस आयुष्यभर शिकत असतो. फक्त तो शिकला आहे हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही, म्हणून कागदावर शिक्का लागतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेला हे सत्य बावीस वर्षांपूर्वी उमगले, आणि तेव्हापासून तिचे निरंतर शिक्षणाचे अधिवेशन दरवर्षी न चुकता भरते. परवाना टिकवायचा तर वर्षाला बारा गुण हवेत. उद्घाटनाचे दोन, व्याख्यानाचे आठ, चहाचा एक (चहाच्या वेळी अनुभवांची देवाणघेवाण होते असे गृहीत धरले आहे) आणि आभारप्रदर्शनाचा एक. दुरुस्तीला गुण नाहीत. ती सभासद एरवीही करतातच. तिला वेगळे उत्तेजन कशाला?

या साऱ्या कार्याचा कणा म्हणजे संघटनेचे सचिव. मुळात हा माणूस मेकॅनिक होता, आणि चांगला होता. पण अधिवेशनाच्या व्यापात गेली अकरा वर्षे त्यांना लिफ्टला हात लावायला सवड मिळाली नव्हती. बारा गुणांचा गोल शिक्का मात्र सदैव त्यांच्या खिशात असे. रात्री तो उशाशी असे. बायको म्हणायची, "अहो, त्याला पांघरूण तरी घाला." सचिवांना त्यात चेष्टा दिसत नसे.

अंदाजपत्रकही तेच करत. यंदा बॅगांना चौतीस टक्के, स्मृतिचिन्हांना बावीस, जेवणाला एकोणीस, फलकांना बारा, व्यासपीठावरच्या फुलांना दहा आणि ज्ञानाला तीन टक्के. आकस्मिक खर्चाला शून्य. गेल्या वर्षी आकस्मिक काही न घडल्याने ती रक्कम पडून राहिली होती, आणि पडून राहिलेली रक्कम पुढच्या वर्षी कापायची असा नियम होता. अशा रीतीने यंदा आकस्मिक काही घडायला संघटनेची मंजुरी नव्हती.

एक छोटी गोष्ट तेवढी झाली होती. परवान्यांची मुदत वर्षअखेरीस संपते, म्हणून अधिवेशन नेहमी वर्षाच्या शेवटच्या दिवशी असते. यंदा एक दिवस पुढे गेले तर सभागृह निम्म्या भाड्यात मिळत होते. "एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे?" असे खजिनदार म्हणाले, ते इतिवृत्तात नोंदवले गेले आणि वाचलेल्या पैशांतून बॅगांना आणखी एक कप्पा लावण्यात आला. म्हणजे अधिवेशनाच्या सकाळी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा सभासदांचे परवाने आदल्या रात्रीच संपलेले होते. संध्याकाळी शिक्का बसला की ते पुन्हा जिवंत होणार होते. मधल्या काळात कुणी लिफ्टला हात लावला तर तो पाच वर्षांसाठी बाद. हा सतरावा नियम. तो सचिवांनी स्वतः लिहिला होता आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

सभागृह आठव्या मजल्यावर. उद्घाटन आणि चहा उरकून सकाळी दहाला सचिव वक्त्यांना आणायला खाली गेले. वक्ते मोठे नावाजलेले. त्यांचा विषय होता 'अडकलेल्या प्रवाशाशी कसे बोलावे'. दोघे लिफ्टमध्ये शिरले. सचिवांच्या पोटात तोवर तीन कप चहा होता, हे पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सहावा मजला गेला, सातवा यायचा होता, तेवढ्यात लिफ्टने एक उसासा टाकला आणि ती थांबली.

वक्ते आधी हसले. मग त्यांनी सचिवांची बाही धरली. "अहो, हवा पुरेल ना?"

"साहेब, व्याख्यानात तुम्ही हेच सांगणार आहात ना, की हवा पुरते म्हणून?"

"ते दुसऱ्यांना सांगायचं असतं हो!" असे म्हणून ते खाली बसले आणि स्फुंदू लागले.

सचिवांनी भिंतीवरचा मदतीचा क्रमांक फिरवला. वर सभागृहात, चौथ्या रांगेत, एका नव्याकोऱ्या बॅगेच्या जादा कप्प्यात एक फोन मुकाट्याने थरथरत राहिला. या इमारतीची लिफ्ट सांभाळणारा मेकॅनिक संघटनेचाच सभासद होता, आणि 'मोबाईल आवाजी ठेवल्यास दोन गुण वजा' ही पाटी सचिवांनीच लावली होती. तेवढ्यात सचिवांचा फोन वाजला. बायकोचा होता.

"पोचले का पाहुणे?"

"जवळजवळ. लिफ्टमध्ये अडकलोय."

"मग काढा की दुरुस्त करून. आयुष्यभर तेच शिकलात ना?"

"अगं, मी आता सचिव आहे."

मग ती म्हणाली, "बरं. जेवायला थांबत नाही मी." सचिवांना आयुष्यात पहिल्यांदा शिक्का खिशात टोचला.

अर्ध्या तासाने बातमी वर पोचली. सातव्या मजल्याच्या दाराला चार बोटांची फट होती, तिला डोळा लावून खजिनदार ओरडले, "काळजी करू नका! तातडीची सभा बोलावलीय!" जिन्यावर सभा भरली, गणसंख्या भरपूर होती. अग्निशमन दलाला बोलवावे ही सूचना एकशे अठ्ठ्याण्णव विरुद्ध पंधरा मतांनी फेटाळण्यात आली. लिफ्टवाल्यांच्या अधिवेशनात लिफ्ट अडकली हे बाहेर कळले तर लोकांचा लिफ्टवरून विश्वास उडाला नसता. संघटनेवरून उडाला असता. एका भाबड्या सभासदाने "मी काढतो ना चटकन" असे म्हणताच त्याला सतरावा नियम वाचून दाखवण्यात आला. तो खाली बसला.

"खजिनदार," सचिव फटीतून म्हणाले, "लौकर काहीतरी करा. मला जायचंय."

"कुठं?"

"तीन कप चहा झालाय हो!"

खजिनदारांना तिढा कळला, आणि त्यांनी तो पायरीपायरीने सोडवला. लिफ्ट काढायची तर परवाना हवा. परवान्याला शिक्का हवा. शिक्का आत आहे, पण कार्डे फटीतून आत जाऊ शकतात. म्हणजे इथेच शिक्के मारून घ्यावेत. सचिवांनी खिशातून शिक्का काढलाही. पण काढता काढता त्यांचा चेहरा पडला. शिक्का बारा गुण पुरे झाल्यावरच मारता येतो, आणि व्याख्यानाचे आठ गुण अजून कुणालाच मिळाले नव्हते. व्याख्याते आत होते.

मग व्याख्यान फटीतून झाले. चार तास. (आठ गुणांना चार तास, एक मिनिटही कमी चालत नाही.) दोनशे तेरा लोक जिन्यावर बॅगा मांडीवर घेऊन बसले, आणि अडकलेल्या प्रवाशाशी कसे बोलावे हे एका अडकलेल्या प्रवाशाने हुंदके देत त्यांना सांगितले. असे जिवंत व्याख्यान बावीस वर्षांत झाले नव्हते, असे नंतर अभिप्रायात एकमताने नोंदले गेले. सचिव कोपऱ्यात गुडघे जुळवून उभे होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणी हात वर केला की ते मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आभारप्रदर्शन त्यांनी स्वतः उरकले, सहा सेकंदांत.

मग कार्डे आत आली. सचिवांनी मोजून दोनशे तेरा शिक्के मारले आणि कार्डे बाहेर सरकवली. "झालं," ते म्हणाले. "आता सगळे परवानाधारक आहात. काढा मला."

संघटनेची एक जुनी, पक्की पद्धत होती: शिक्का बसला की सभासद घरी जातो. बावीस वर्षांत तिला अपवाद झाला नव्हता आणि तो यंदाही झाला नाही. जिन्यावरून पावलांचा आवाज उतरत गेला. खजिनदारही गेले, जाताना त्यांनी फटीतून सचिवांच्या वाटणीची बॅग सरकवून पाहिली, पण जादा कप्प्यामुळे ती आत शिरली नाही.

सचिव खाली बसले. त्यांना रडू आले आणि त्यांनी ते आवरले नाही. वक्त्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि "हवा पुरते हो," असे म्हणाले.

"कोण आहे रे आत?" वरून एक घोगरा आवाज आला.

तो पानाकाकांचा होता. वय बहात्तर. खिशात कायम एक पाना, म्हणून हे नाव. सचिव त्यांच्याच हाताखाली लिफ्ट शिकले होते. सहा वर्षांपूर्वी एका व्याख्यानात काकांनी उठून "हे सगळं ठीक, पण दार अडकलं तर काय करायचं ते कधी सांगणार?" असे विचारले होते, आणि शिस्तभंगाबद्दल त्यांचे सगळे गुण गेले होते. परवाना गेला. मग एकेक इमारत सुटली. तरी दरवर्षी ते अधिवेशनाला येत, आत सोडत नाहीत म्हणून वर गच्चीच्या जिन्यात बसत, आणि जुने सोबती भेटले की खूष होत. यंदा तिथेच त्यांना डोळा लागला होता.

"काका, मी आहे."

"तू व्हय! मग तू का नाही काढलीस?"

सचिवांनी खरे ते सांगितले. "विसरलो, काका."

काका गच्चीवरच्या खोलीत चढले, वीज तोडली, ब्रेक सैल केला आणि चाक हाताने फिरवून लिफ्ट सातव्याशी आणली. मग सावकाश खाली येऊन त्यांनी दार उघडले. एकूण अकरा मिनिटे, त्यांतली नऊ जिने चढण्या-उतरण्यात गेली. सचिव त्यांच्या पाया पडण्यासाठी वाकले, पण वाकणे त्या क्षणी परवडण्यासारखे नव्हते. ते तसेच धावत सुटले.

चौथ्या दिवशी पानाकाकांना नोटीस गेली. परवाना नसताना लिफ्टला हात लावल्याबद्दल सतराव्या नियमाखाली पाच वर्षे बाद. सही सचिवांची. सही करताना त्यांना फार वाईट वाटले. इतके की त्यांनी नोटिशीच्या मसुद्यातला 'उद्दामपणे' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला. लिफ्टमधले पाच तास त्यांच्या नावावर 'प्रात्यक्षिक' म्हणून जमा झाले, आणि स्मृतिचिन्हही मिळाले.

वाचकहो, तुम्ही मघापासून हसताय. तुमच्याही इमारतीची लिफ्ट पूर्वी पानाकाकाच सांभाळत. त्यांना काढून टाकायचा ठराव तुमच्याच रहिवाशांच्या सभेत एकमताने झाला. बाजूने कोण, विरुद्ध कोण, हे आता कुणाला आठवत नाही. हजेरीच्या वहीत तुमची सही आहे. सही करून तुम्ही लगेच घरी गेला होतात.