दळवी मागचं पुसत नाहीत

दळवींनी नवी चप्पल घेतली की जुनी पिशवीत घालून कितीतरी दिवस बरोबर वागवतात. बिरवाडीच्या नाक्यावर मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "नवीने दगा दिला तर अनवाणी जाऊ? मागचं पुसायचं नाय, भाऊ." नव्या मोबाईलसोबत खिशात जुना असतो, नव्या मिक्सरच्या डोक्यावरच्या माळ्यावर जुना. वहिनी म्हणतात, "दुसरी बायको केलीच, तर मला टाकणार नायत. माळ्यावर ठेवतील."

दळवी आमच्या महाडच्या कंपनीतले सर्व्हरवाले. मी डिस्पॅचला. मालाच्या गाड्यांचे गेटपास मी काढतो आणि ते निघतात त्यांच्या सर्व्हरमधून. सर्व्हरवर किती ताण आहे याचा आलेख त्यांच्या मोबाईलवर सतत हलत असतो, लग्नात अक्षता टाकतानाही एक डोळा त्यावर. माणसांनाही ते "कसं काय" विचारत नाहीत, "लोड किती?" विचारतात. "बरं चाललंय" म्हटलं तर त्यांचं समाधान होत नाही. "बरं म्हणजे किती? पोटाचा वेगळा सांगा, डोक्याचा वेगळा." माझ्या सासूबाईंनी त्यांना एकदा गुडघ्यांचा लोड सविस्तर सांगितला. तेव्हापासून त्या जावयापेक्षा त्यांनाच जास्त मानतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक फजिती आहे. कर्नल म्हणजे सर्व्हरचा गाभा. अधूनमधून नवा टाकावा लागतो, पण जुनाही ठेवायचा असतो. नवा उठला नाही तर जुन्यावर परतता येतं. दळवी तेव्हा भलतेच टापटीप. जागा अडते म्हणून त्यांनी जुना आधीच पुसला, "पाच मिनिटांत चालू करतो" म्हणून सर्व्हर बंद केला, आणि नवा काही उठेना. गेटपास बंद. गाड्यांची रांग गेटपासून नाक्यापर्यंत. ड्रायव्हर शिव्या देतायत, साहेब सगळ्यांदेखत झाडतायत आणि मधे दळवी घामाघूम. नेमके त्याच दिवशी त्यांचे वडील पोलादपूरच्या वरच्या वाडीतून, तांदळाची पिशवी घेऊन, मुलाची कंपनी बघायला आलेले. वॉचमनच्या खुर्चीवर बसून आबांनी सगळं पाहिलं. मग पिशवी वॉचमनकडे ठेवली आणि निघून गेले.

त्यानंतर दळवी गावाला जाईनासे झाले. "सर्व्हर सोडून कसा येऊ?" एवढंच कारण. यंदा शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून वहिनी पुढे गेल्या. एकट्याने जायचा धीर होईना, तेव्हा दळवींनी मला ओढलं. एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बापाला माझी लाज वाटली, भाऊ. एक शब्द न बोलता गेला."

वाडीत शिरताच शेजारचे काका आडवे आले. "ह्याने हात लावल्याबिगर कंपनीतली एक गाडी हलत नाय म्हणं! आबा सांगतात." पुढच्या अंगणातही तेच कौतुक. दळवींचे कान लालबुंद. मलाही कुठे बघावं कळेना.

जेवायला बसल्यावर त्यांना राहवेना. "आबा, त्या दिवशी गाड्या माझ्या चुकीनं अडल्या व्हत्या. गावाला भलतंच कशाला सांगता?"

आबांनी भाकरी मोडली. "ठाव हाय रे. सायब तुला काय बोलत व्हता, ते आयकलं नाय व्हय मी?"

"मग?"

"आपल्या वाडीतली दोन पोरं त्या रांगेत गाड्या घेऊन उभी व्हती. ती गावात येऊन सांगणारच. त्यांच्या आधी पोचायला पायजे, म्हणून तुला न भेटताच येष्टी धरली."