हौसाबाईचं वजन

नानाजींच्या अडतीतल्या मोठ्या तराजूला एक खोड होती. माल उतरवून घेतला तरी त्याचं पारडं लगेच थांबत नसे. वारा नसला, कुणाचा धक्का लागला नसला, तरी ते थोडा वेळ हलत राही. त्यातून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं. हौसाबाई लग्न होऊन वाशिमला आली तेव्हापासून तिथे वांगी आणत होती आणि ते हलणं पाहत होती. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या मंगळवारी वांग्यांच्या जागी ती स्वतः त्या पारड्यात बसणार होती, म्हणून तिने जरा जास्त वेळ पाहिलं.

कारण होतं पंजाबचं पत्र. पंजाब तिचा एकुलता एक मुलगा. नागपूरच्या विमानतळावर तो मिस्त्री म्हणून लागला, तेव्हा विमानांची कंपनी एका शेठची, लहानशी होती. पुढे सरकारने सगळ्या शेठजींच्या कंपन्या गोळा केल्या आणि आपली एकच थोरली कंपनी केली. विमानं वाढली, गावं वाढली, आणि त्या वाढीत पंजाबही उचलला जाऊन दिल्लीला पडला. तिथे त्याला मुलगी झाली. आता त्या मुलीला दात येत होते आणि आजीने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. कामगाराच्या आईला वर्षातून एकदा विमानाने फुकट नेतात, या वर्षीचा पास होळीला संपतो, तेव्हा आता तरी ये, असं पंजाबने लिहिलं होतं. हौसाबाईचं उत्तर दर वेळी वेगळं असे आणि अर्थ एकच. आधी वांगी निघू दे. मग मिरची होऊ दे. मग म्हैस विऊ दे. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

या वेळच्या पत्रात एक ओळ जास्त होती. तिच्या नवऱ्याने, गुलाबरावांनी, ती दोनदा वाचली. "मायचं वजन करून कळवा. विमानात माणूसबी जोखूनच बसवतात."

"जितं मानूस जोखू नाही, हौसे," शेजारच्या सीताकाकू म्हणाल्या. गल्लीतली बाळंतपणं आणि भुतंखेतं त्यांच्याकडेच असत. "जोखलं का वरच्याले आकडा समजते."

"त्याले पयलेच माहीत नसते का काकू?"

"अंदाज असते. पक्कं नसते."

तरीही गुलाबराव तिला अडतीवर घेऊन गेले. सरकारी काम होतं. नानाजींनी ऐकून घेतलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. गुलाबरावांच्या वडिलांपासून या घरचा माल त्यांच्याकडेच येत होता. दर एकादशीला ते देवळात फराळ वाटत, आणि त्यांच्या काट्याची लोक शपथ घेत.

"मानसाचं कायले जोखता गुलाबराव? लिहून टाका अंदाजानं."

"अंदाजानं इमान वर जात नाही म्हन्ते पोरगा."

"मंग उद्या या. आज गर्दी हाय."

"गर्दीचं काय? ते काय लुगडं बदलून राह्यली?"

गर्दी हसली आणि आणखी जवळ आली. हौसाबाई पारड्यात मांडी घालून बसली. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले तेव्हा तिने पारड्याच्या साखळ्या घट्ट धरल्या. नानाजींनी दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं ठेवली, अगदी हळूहळू, एखाद्याला झोपेतून उठवायचं नसावं तशी. मणाचं वजन ठेवलं, वर एक शेर ठेवला, आणि दांडी सरळ झाली.

"एक मन एक शेर," नानाजी म्हणाले. जमिनीकडे बघून म्हणाले.

नाल्याला पूर आला होता तेव्हा गुलाबरावांनी हौसाबाईला खांद्यावर घेऊन पार केलं होतं. तो खांदा अजून थंडीत दुखे. "एक मन तं मिरचीचं पोतं भरते," ते हळूच म्हणाले. "परत पाहा नानाजी."

परत पाहिलं. तेवढंच भरलं.

"काटा चुकला असन," मागून कुणीतरी म्हणालं.

"नानाजीचा?" दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि पहिल्याने जीभ चावली.

आता नानाजींना काहीतरी बोलणं भाग होतं. "काटा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "बाकी मानूस बी कवा कवा हलकं होते."

"कवा होते?"

"आता कवा म्हंजे..." नानाजींनी उपरण्याने मान पुसली. "निघायचं झालं का होते थोडंसं."

तोंडातून गेल्यावर त्यांना पस्तावा झाला असावा, कारण त्यांनी लगेच हौसाबाईच्या पाटीत चार कांदे जास्तीचे टाकले. पण शब्द गल्लीत तिच्या आधी पोचला. आणखी कुणी त्या पारड्यात बसून पाहावं, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही असं नाही. सुचली होती. पण बसायला कुणी तयार नव्हतं.

त्या दिवसापासून हौसाबाई स्वतःकडे बघू लागली. ओल्या वाफ्यात तिचं पाऊल गुलाबरावांच्या पावलापेक्षा उथळ उमटलं होतं. गुलाबराव डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन गेले होते, हे तिला माहीत होतं. तरी ती वाकून बराच वेळ त्या दोन ठशांकडे बघत राहिली. दारातला कुत्रा तिच्यावर भुंकला नाही. तो तिचाच कुत्रा होता आणि तिच्यावर कधीच भुंकत नसे. पण आज तो भुंकला नाही, हे तिला आजच कळलं. विहिरीत वाकून तिने "ओ" म्हटलं. विहिरीने उत्तर द्यायला जरा वेळ लावला असं तिला वाटलं.

दुपारी मुंबईकडून नागपूरला जाणारं विमान मळ्यावरून गेलं. पूर्वी ते चार-आठ दिवसांनी दिसे, आता रोजचंच झालं होतं. आवाज कानावर येण्याआधी घागरीतल्या पाण्यावर बारीक सुरकुती उठली. मग सगळं आभाळ घुमायला लागलं, आणि हौसाबाईला आपले तळवे मातीवरून सुटताहेत असं स्पष्ट वाटलं. तिने वांग्याचं झाड दोन्ही हातांनी धरलं. काटा बोटात गेला, रक्ताचा थेंब आला. तिला इतका आनंद झाला की बोट तसंच धरून ती सीताकाकूंकडे गेली.

"पाहा काकू. रगत निघालं. म्हंजे मी हावो."

सीताकाकूंनी बोट उजेडात धरून पाहिलं. "हायेस," त्या म्हणाल्या. "पन रगत तं निम्म्या मानसाचं बी निघते. निम्मं."

शेवटी गुलाबरावांनीच दुसरा काटा शोधला. वाशिमात माणूस मावेल असं आणखी एक पारडं होतं, स्मशानाच्या वाटेवरच्या लाकडाच्या वखारीत. मागल्या वर्षी गुलाबरावांच्या वडिलांसाठी लाकडं तिथूनच जोखून आणली होती. पारड्यात सालींचा भुगा होता. हौसाबाई त्यावर बसली आणि तिने डोळे मिटले. सीताकाकू कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या.

वखारवाल्याने मोठ्या हौसेने वजनं चढवली. "एक मन तीस शेर," तो म्हणाला. "आमच्याकडे कवाई भरूनच येते."

परतीच्या वाटेवर गुलाबराव बोटांवर हिशेब करत चालले होते.

"तठी कमी भरली," गुलाबराव म्हणाले, "अन् अठी जास्त."

"मंग बराबरच हाय," सीताकाकू म्हणाल्या. "तठी हे निम्मी होती. अठी हिच्यासंगं कोनीतरी बसलं."

"कोन?"

"तुमच्या घरचं मागल्या साली त्या पारड्यातल्या लाकडावर कोन गेलं?"

गुलाबराव थांबले. त्यांनी हौसाबाईच्या डाव्या खांद्याच्या वर, जिथे काहीच नव्हतं तिथे पाहिलं, आणि टोपी सारखी केली. "बाबा," ते म्हणाले, "जिते होते तवा तुमी हिच्या हातच्या भाजीले नाव ठेवलं. आता खांद्यावर काहून बसून राह्यले? उतरा."

कुणी उतरल्याचं दिसलं नाही. पण त्या दिवसापासून हौसाबाई दारातून आत येताना डोकं जरा जास्त वाकवू लागली, वर बसलेल्याला चौकट लागू नये म्हणून. सासरा हयात असतानाही तिने त्याची एवढी काळजी घेतली नव्हती.

दोन दिवसांनी नानाजी घरी आले, हातात नारळ घेऊन. यापूर्वी ते या घराची पायरी चढले नव्हते. "उतारा करून टाका," ते म्हणाले. "लिंबू, दहीभात, काय लागन ते माह्याकडून. आता फिरून काट्यावर बसू नका हौसाबाई, चांगलं नसते. अन् पोराले एक मन पंधरा शेर लिहून टाका."

"पंधरा काहून?" हौसाबाईने विचारलं.

"अंदाज," नानाजी म्हणाले आणि पाणी न पिता निघून गेले.

सीताकाकूंनी तिन्हीसांजेला उतारा केला. पण गुलाबरावांचं मन काही थाऱ्यावर येईना. "नको जाऊ हौसे," ते म्हणाले. "निम्मी तं गेलीच हायेस. बाकीची बी वर नेऊन ठेवली तं मी खाली काय करू?" असं बोलणं त्यांच्या तोंडून तिने साऱ्या संसारात ऐकलं नव्हतं. नाही जात, अशी तिने मान हलवली. आपली भीती आता नवऱ्याची झाली, आपल्याला काही ठरवावंच लागलं नाही, असं तिला वाटलं. आणि हलकं वाटायच्या ऐवजी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. होळीला आठवडा उरला होता. नात पुढच्या वर्षी चालत असणार.

आपण नाही तर निदान वांगी जाऊ देत, असं तिने ठरवलं. आगगाडीने नागपूर, आणि नागपूरहून पंजाबचा दोस्त विमानात ठेवून देणार होता; तिचा पासही त्याच्याकडेच पडून होता. सकाळी तिने कोवळी, देठ हिरवा असलेली वांगी निवडून पाटी भरली आणि नानाजींकडे सवयीने जोखली. पंधरा शेर. मग पाटीला फडकं शिवून ती, गुलाबराव आणि सोबतीला सीताकाकू असे वाशिम स्टेशनावर गेले. पार्सलच्या खिडकीपाशी नानाजीही भेटले. त्यांची मिरचीची पोती अकोल्याला चालली होती.

पार्सलबाबूंनी पाटी जमिनीलगतच्या काट्यावर ठेवली. "वीस शेर," ते म्हणाले.

"पंधरा," हौसाबाई म्हणाली.

"वीस आहे, बाई."

"मी आत्ताच जोखून आनली."

"हा रेल्वेचा काटा आहे. दर महिन्याला साहेब येऊन तपासतो. कमी नाही, जास्त नाही."

गुलाबरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते पाटीपासून एक पाऊल मागे सरकले. "काकू," ते हळूच म्हणाले, "वांग्यात बी बसलं का कोनी?"

सीताकाकूंनी पाटीकडे नीट पाहिलं. मग वाकून फडक्याला कान लावला.

हौसाबाई मात्र पाटीकडे पाहत नव्हती. ती नानाजींकडे पाहत होती, आणि नानाजी आपल्या पोत्यांची शिवण तपासत होते. तिने पाटी उचलून खाली ठेवली आणि स्वतः काट्यावर उभी राहिली.

"मले जोखा बाबू."

"माणसं पार्सलने जात नाहीत, बाई."

"जोखा तं खरं."

बाबूंनी दांडीवरचा गट्टू सरकवला. "एक मण पंधरा शेर."

"भरली," सीताकाकूंचा जीव भांड्यात पडला. "उतारा लागला. सासरा उतरला अन् गेलेलं निम्मं परत आलं."

"देवाची कृपा," नानाजी घाईने म्हणाले. "चला, बरं झालं. गाडी येईनच आता."

"थांबा नानाजी," हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माह्यावर काकूनं उतारा केला, म्हून मी भरली. वांग्यायवर कोनं केला?"

फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या दोघा-चौघांनी माना वळवल्या. नानाजींनी एका पोत्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. गुलाबराव आधी वांग्यांकडे पाहत राहिले, मग बायकोकडे, मग नानाजींकडे; आणि मग पुन्हा वांग्यांकडे, अशा नजरेने की जणू इतक्या वर्षांत याच वाटेने गेलेल्या सगळ्या पाट्या एकामागून एक त्यांच्यासमोरून चालल्या होत्या, प्रत्येकीतली थोडी वांगी हिशेबाबाहेर ठेवून.

"हौसाबाई," नानाजी घसा साफ करून म्हणाले, "घरचीच गोष्ट हाय. तुमी दिल्लीहून आल्या का बसून बोलू."

"ते नाही जाऊन राह्यली दिल्लीले," गुलाबराव म्हणाले. पण 'नाही' म्हणताना त्यांची जीभ अडखळली. निम्मी गेलेली बायको थांबवायचं त्यांच्याकडे कारण होतं. समोर उभी असलेली पूर्ण भरली होती.

"तुमी उद्यापासून माल अठी जोखून आना," ती त्यांना म्हणाली. "मंग नानाजीले द्या, नाही तं बाजारात बसा. अडत काही एकच नाही."

बाबूंनी शाईत टाक बुडवला. त्यांना या घरगुती गोष्टीत रस नव्हता. "पाटी कोणाच्या नावाने लिहू?"

हौसाबाई काट्यावरून खाली उतरली आणि पाटी कमरेवर घेतली. भीती होती तिथेच होती, एक शेरही कमी झाली नव्हती.

"कोनाच्या नावानं नका लिहू बाबू," ती म्हणाली. "पाटी मीच नेतो. मी चालली दिल्लीले."