शरयूताईंचा कस

माणूस जितक्या कॅरेटचा असेल तितक्याच कॅरेटची चेन पेठेतले सराफ त्याला विकतात. त्यासाठी आधी गिऱ्हाइकाची करंगळी कसोटीच्या दगडावर घासतात. दुखत नाही. ज्यांची रेघ पांढरी उमटते त्यांना चांदी दाखवतात. प्लॅटिनमचा माणूस पेठेत एकच, पोस्टमास्तर, आणि ते दागिने घालत नाहीत.

शरयूताईंना बावीसचीच चेन हवी होती. गळ्यातल्या चेनवरून बाईचा कस गावभर कळतो, आणि त्यांच्या जाऊबाई बावीसच्या होत्या. शिवाय आपण नक्की किती भरतो, याची त्यांना बरीच वर्षं उत्सुकता होती. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्या यजमानांना, वामनरावांना, घेऊन बापूशेठ सराफांच्या दुकानात शिरल्या.

बापूशेठनी रेघेवर ॲसिडचा थेंब सोडला. रेघ जराही फिकटली नाही.

"काकू, तुम्ही चोवीसच्या निघालात," ते खेदाने म्हणाले.

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं! चोवीसचं सोनं मऊ. चेनच्या कड्या उघडतात. थोडं तांबं लागतंच. एखादं खोटं बोलून बघा."

असलं काही शरयूताईंनी जन्मात केलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"तुमची मजुरी अगदी वाजवी आहे."

बापूशेठनी पुन्हा करंगळी घासली. चोवीस.

"वाजवीच आहे," ते समाधानाने म्हणाले.

"माझं गाणं कसं आहे, ते सांग," वामनराव मध्येच म्हणाले. ते रोज सकाळी तासभर गात, पण हे त्यांनी बायकोला कधीच विचारलं नव्हतं.

शरयूताईंना कसंनुसं झालं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "सुरात गाता तुम्ही."

रेघ बरोब्बर बावीसची उमटली. बापूशेठनी पिवळीधमक चेन काढून त्यांना घालायला दिली. आरशात ती अशी काही शोभली की शरयूताईंना जाऊबाईंचा उतरलेला चेहराच दिसायला लागला.

वामनराव चेनकडे बघतच नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते.

"अगं, पुन्हा एकदा म्हण ना."

"काका, काकू अठरावर येतील हां," बापूशेठ म्हणाले. "मग ही चेन मला परत घ्यावी लागेल. नियम आहे."

शरयूताईंनी एकदा आरशात पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"तुमच्या ताना ऐकतच राहाव्याशा वाटतात," त्या म्हणाल्या. "रोज."

बापूशेठनी चेन उतरवून घेतली आणि अठराचा खण उघडला.