बॅटरी भरून घाट उतरताना

अंकिताचं आणि शंभूराजचं जमलं होतं. राहिला होता तो तिच्या वडिलांचा, भाऊसोंचा होकार, आणि शंभूराजचं सांगलीचं घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय भाऊसो तो देणार नव्हते. म्हणून शंभूराज आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन आदल्या दिवशीच पाचगणीच्या एका हॉटेलात येऊन राहिला. सकाळी भाऊसो आणि त्यांच्या आई रंगूबाई यांना स्ट्रॉबेरीच्या मळ्यावरून घ्यायचं आणि सांगलीच्या विश्रामबागेतलं घर दाखवायचं, असं ठरलं होतं. अंकिताने फोनवर बजावलं होतं, "बाबांसमोर गाडीचं कौतुक सांगत बसू नकोस. त्यांनी मिलिटरीत ट्रक चालवलेत."

वडीलधारी माणसं गाडीत असताना वाटेत खोळंबा नको, म्हणून शंभूराजने हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून घेतली. त्यात त्याचा हेतू चांगलाच होता.

भाऊसो आणि रंगूबाई मागे बसले. पुढच्या सीटवर सोयऱ्यांसाठी घेतलेल्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या ठेवल्या. पट्ट्याची घंटी वाजत राहू नये म्हणून शंभूराजने पेट्यांनाही पट्टा बांधला.

"पावणं, हिला आवाज कसा न्हाई?" भाऊसोंनी विचारलं.

अंकिताची ताकीद शंभूराजला आठवली. पण प्रश्न त्यांनीच विचारला होता.

"इंजिनच नाही, मामा. आणि ब्रेकलासुद्धा पाय लावावा लागत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपली आपण हळू होते, आणि तेवढी वीज बॅटरीत परत जमा होते. दोन वर्षं झाली, ब्रेक अजून नवेकोरे आहेत."

भाऊसोंनी वाकून त्याच्या पायाकडे बघितलं.

पसरणी घाटाचा उतार लागला. शंभूराजने सवयीप्रमाणे पाय उचलला, पण गाडी हळू झाली नाही. उलट पळतच सुटली. समोरच्या पडद्यावर सूचना आली होती की बॅटरी पूर्ण भरलेली आहे. भरल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तशी त्या बॅटरीत आणखी वीज मावेना, आणि वीज जाईना म्हणून गाडी आवरेना. शंभूराजने घाईघाईने ब्रेक दाबला.

दोन पावसाळे त्या ब्रेकांना फारसं काम पडलं नव्हतं. चाकांतल्या ब्रेकच्या चकत्यांवर गंज बसला होता. गाडी थांबली, पण अशी किंचाळली की कठड्यावर बसलेली माकडं झाडावर चढली.

"आगं आई गं!" रंगूबाई ओरडल्या. "कुनाचं रेडकू घावलं रं चाकाखाली!"

शंभूराज खाली उतरला. भाऊसो उतरले. रंगूबाईंचा दोघांवरही विश्वास बसेना, म्हणून त्यांनी स्वतः वाकून गाडीखाली बघितलं. रेडकू नव्हतं.

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा किंचाळली. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी जोरात. वर येणाऱ्या एका जीपमधल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. एक चहाची टपरीवाला तर तेलाचा डबा घेऊन रस्त्यातच आडवा आला.

"साहेब, चाकात थोडं त्याल सोडा!"

"नको काका," शंभूराजने हात जोडले. "ब्रेकला तेल लागलं, तर गाडी एकदम वाईतच थांबेल."

भाऊसो मागून शांतपणे म्हणाले, "आमच्या मिलिटरीत सकाळी आदी ब्रेक तपासायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. दोन वर्सं जो मानूस ब्रेकाला पाय लावत न्हाई, त्येच्या हातात लेक कशी द्यायची, पावणं?"

घर दिसायच्या आधीच सगळं संपलं, असं शंभूराजला वाटलं.

तेवढ्यात वळणापलीकडे मेंढरांचा कळप आला. जतकडचा धुळा मेंढपाळ तो हाकत होता. शंभूराजने लांबूनच ब्रेक लावला आणि त्या आवाजाने कळप फुटला. मेंढरं वर डोंगरात घुसली, खाली झुडपांत शिरली.

"डोळं फुटलं का तुजं? का कान फुटलं?" धुळा काठी आपटत म्हणाला. "गाडी हाय का भोंगा?"

"चुकलं, दादा," शंभूराज म्हणाला. त्याने गाडी कडेला लावली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तो झुडपांत उतरला. धुळ्याच्या शिव्या ऐकत, "व्हय दादा, व्हय दादा" करत त्याने मेंढरं वर हाकून आणली. शेवटचं कोकरू काट्यांत अडकलं होतं. ते खांद्यावर घेऊन तो आला, तेव्हा त्याची पँट कुसळांनी भरली होती आणि गालावर ओरखडा उठला होता. धुळ्याने कोकरू तपासलं, शिव्या थांबवल्या आणि त्याला तंबाखू विचारली.

गाडीत बसल्यावर एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना, कारण आता उतार सलग होता आणि ब्रेक सलग किंचाळत होते. शंभूराज रस्त्यावर नजर ठेवून घामाघूम होत होता. मागे रंगूबाईंनी लेकाला कोपराने ढोसलं आणि काहीतरी विचारलं. भाऊसोंनी कानाला हात लावून "आँ?" केलं. रंगूबाईंनी पुन्हा विचारलं. भाऊसो त्यांच्या कानाशी वाकले आणि त्या कल्लोळात आईला ऐकू जावं म्हणून छाती भरून ओरडले.

इतका वेळ घासून घासून चकत्यांवरचा गंज निघत आला होता. उरलासुरला नेमका त्याच क्षणी निघाला. किंचाळणं तोडल्यासारखं थांबलं आणि त्या बिनआवाजाच्या गाडीत भाऊसोंचा आवाज घुमला,

"पोरगा लय गुनाचा हाय! देऊन टाकू अंकीला!"

शंभूराजने नजर रस्त्यावरच ठेवली.

"आयकलं की," रंगूबाई म्हणाल्या. "वरडतोस कशापायी?"

भाऊसोंनी खिडकीबाहेर बघितलं. "वाई आली वाटतं," ते म्हणाले.

"हो मामा, आलीच," शंभूराज म्हणाला.

त्यानंतर सांगलीपर्यंत तिघेही उसाच्या भावावर बोलत राहिले. घरी शंभूराजच्या आईवडिलांनी त्यांना सगळ्या खोल्या दाखवल्या, गच्ची दाखवली, पोहे दिले. भाऊसोंनी भिंतींना ओल आहे का ते बघितलं, पाणी कधी येतं ते विचारलं आणि रुमालाने तोंड पुसून गंभीरपणे सांगितलं, "घर बघितलं. आता घरात इचार करतो आन् आठ-धा दिसांत कळिवतो."

शंभूराजच्या आईचा चेहरा पडला. तिने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"काय रे, वाटेत काही बोलले का? नकार तर नसेल?"

शंभूराजने मागे वळून बघितलं. बाहेर भाऊसो त्याच्याकडेच टक लावून बघत होते.

"काय सांगावं, आई," तो खाली मान घालून म्हणाला. "मोठी माणसं आहेत. आठ-दहा दिवस वाट बघू."