बाबांचं उलटं बटण

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एक ॲम्प्लिफायर तपासणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी देगलूरला, बाबांच्या साउंडच्या दुकानात उभी राहून जाहीर केलं.

बाबा जानेवारीत गेले. सबवूफरसाठी, म्हणजे दणक्याच्या मोठ्या स्पीकरसाठी, त्यांनी बांधलेला शेवटचा ॲम्प्लिफायर टेबलावर तसाच होता, एकदाही न वाजलेला. जयंतीच्या मिरवणुकीसाठी तो नेणारे संघपालकाका म्हणाले, "आज वाजला तर नेतो, माया. न्हाईतर लातूरच्या मेकॅनिकला खोलायला देतो."

खोलायला! बाबांनी एकेक तार जोडलेली, ती दुसऱ्या कुणी उपटायची?

"वाजणार!" मी म्हणाले.

कपाटाएवढा सबवूफर जोडला. मोबाइलवरून ढोलाचा तुकडा लावला. आवाजाचं बटण पार डावीकडे, म्हणजे शून्यावर. स्विच दाबला.

धडाडधूम!

छताच्या पत्र्याचा गंज असा झडला की मी मिरचीच्या गिरणीवाल्यासारखी माखले. फळीवरचे पेचकस नाचत खाली आले. मी बटण आणखी डावीकडे पिळतेय, आणि ढोल थांबायचं नाव घेईना! घाबरल्यावर स्विच कुणाला आठवतो?

"भूकंऽप!" समोरच्या दानम्माकाकू ओरडल्या.

किल्लारीनंतर आमच्याकडे जमीन हलली की कुणी विचार करत बसत नाही. अख्खी गल्ली रस्त्यावर! कुणी गॅसची टाकी घेऊन, कुणी अंगावरच्या साबणासकट. तेवढ्यात उदगीरहून कुणाच्या तरी मेहुण्याचा फोन, "आमच्याकडं बी हललं!"

"माया, बंद कर की!" संघपालकाका दारातून ओरडले.

"तेच करतेय!"

आई पिठाच्या हातानं आत आली. तिनं बटण उजवीकडे फिरवलं. शांतता.

"तुझा बाप डावखुरा. समदी बटणं उलटी बसवायचा. इसरलीस?"

विसरले होते. इतक्या लवकर.

काका मात्र खुशीत. "मशीन पास! बटण तेवढं सरळ करून घेऊ."

"हात लावायचा न्हाई!" आम्ही मायलेकी एकदम ओरडलो.

बाहेर दानम्माकाकू रस्त्यातच चटई टाकून बसल्या होत्या.

"काकू, घरात जा. भूकंप नव्हता, बाबांचं मशीन होतं."

"नागसेनचं?" काकूंनी चटईवर नीट मांडी घातली. "मग मी हितंच बसते. त्यो दोनदा वाजवून बघितल्याबिगर कधी उठायचा न्हाई."

खरंच होतं ते. मी आत गेले. या वेळी शहाण्यासारखा आधी आवाज बारीक केला.

सवयीनं, डावीकडे फिरवून.